नमुना ‘जे’चे चार रकाने आणि माझे सव्वीस दिवस

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. तीन विंग, तळमजला धरून सहा मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे ७२ सदनिका. मी समितीत होते ती महिला राखीव जागेवर, आणि खरं सांगायचं तर सभेला चहा किती सांगायचा यापलीकडे माझ्यावर कधी काही पडलं नव्हतं. २९ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी वार्षिक सभा झाली. (३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे बहुतेक सोसायट्यांच्या सभा शेवटच्या रविवारीच उरकतात.) आमचे सचिव मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. समितीच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग सगळे माझ्याकडे. “बाई, तुम्ही रिटायर आहात, अक्षर चांगलं आहे,” असं चेअरमनसाहेब म्हणाले. चाळीस मिनिटांनी माझ्या हातात कपाटाची किल्ली, सोसायटीचा शिक्का आणि एक पेनड्राइव्ह होता.

अक्षर चांगलं असण्याचा पुढे काहीच उपयोग झाला नाही.

लेखापरीक्षण अहवालात एक शेरा होता: ‘आय’ नोंदवही अपूर्ण, ‘जे’ यादी अद्ययावत नाही. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: ‘आय’ नमुना म्हणजे सभासदांची नोंदवही, एका सभासदाला एक पान. ‘जे’ नमुना म्हणजे सगळ्या सभासदांची यादी. अहवालातल्या शेऱ्यांचं काय केलं ते ‘ओ’ नमुन्यात, म्हणजे दोष दुरुस्ती अहवालात, तीन महिन्यांत कळवायचं असतं. अहवाल ३१ जुलैचा. म्हणजे मला ऑक्टोबर अखेरपर्यंत वेळ. त्या वर्षी नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, तेव्हा तो वेळसुद्धा कागदावरचाच.

३ ऑक्टोबरला घटस्थापना. घट बसवून झाल्यावर दुपारी मुलाचा जुना लॅपटॉप काढला आणि पेनड्राइव्ह लावला. ‘मेंबर लिस्ट फायनल’, ‘मेंबर लिस्ट फायनल नवीन’ आणि ‘मेंबर लिस्ट फायनल २ (हीच)’ अशा तीन फायली निघाल्या. मी ‘हीच’ लॅपटॉपवर उतरवली आणि उघडली. एक्सेलची फाइल. रकाने असे: विंग, फ्लॅट, संबोधन, आडनाव, नाव, वडील किंवा पती, मग फोन वगैरे. नमुना ‘जे’मध्ये चारच रकाने आहेत: अनुक्रमांक, सभासदाचं पूर्ण नाव, पत्ता, सभासदाचा वर्ग. म्हणजे नाव चार तुकड्यांत होतं ते एका रकान्यात आणायचं, पत्ता तीन तुकड्यांत होता तो एका रकान्यात आणायचा. सहयोगी सभासद धरून १०९ ओळी. मनात म्हटलं, चार तुकडे जोडायचे ते काय, एक दुपार.

ती दुपार गेलीच. वरच्या पट्टीवर ‘मर्ज अँड सेंटर’ असं बटण दिसलं. मर्ज म्हणजे एकत्र करणं, एवढं इंग्रजी येतं. नावाचे चार सेल, म्हणजे तक्त्यातले चौकोन, निवडले, बटण दाबलं. एक चौकट आली, इंग्रजीत काहीतरी सांगत होती, मी ओके म्हटलं. सेल एक झाला, पण त्यात फक्त ‘श्री.’ उरलं. मला वाटलं, बाकीचं नाव आत दडलंय, रकाना रुंद केला की दिसेल. म्हणून आणखी दहा ओळी तशाच केल्या. आणि फाइल सेव्ह करून बंद केली.

ती चौकट सांगत होती ते हे: सेल एकत्र केले तर डावीकडच्या वरच्या सेलमधला मजकूर तेवढा राहील, बाकीचा जाईल. दडत नाही, जातो. मर्जचं बटण मजकूर जोडत नाही, भिंती पाडतं, आणि भिंतीबरोबर त्या खोल्यांतलं सामानही टाकून देतं. मथळा मधोमध आणायला ते ठीक. नावं जोडायला त्याच्या वाटेला जाऊ नका. अकरा सभासद नुसते ‘श्री.’ आणि ‘सौ.’ होऊन बसले होते. पेनड्राइव्हवरची मूळ प्रत शाबूत होती म्हणून वाचले. त्या दिवसापासून सवय लावून घेतली: मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढायची, नावात तारीख घालायची आणि मगच काम सुरू करायचं.

दुसऱ्या दिवशी हातानं टाइप करायला बसले. एका संध्याकाळी चौदा नावं झाली आणि त्यातल्या दोन घरांचे नवरे अदलाबदल झाले. डीटीपीवाल्याकडे गेले. त्यानं नावामागे १५ रुपये सांगितले, म्हणजे १६३५, आणि “काकू, आता नवरात्राचे बॅनर आहेत, मग इलेक्शन लागेल, दिवाळीनंतर या.” इलेक्शन खरंच लागलं, १५ ऑक्टोबरला विधानसभेची तारीख जाहीर झाली. त्याला दोष नाही. पण माझी मुदत दिवाळीच्या आधीची होती.

६ तारखेला रात्री भाचीला फोन केला. ती पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. “मावशी, तू मर्ज केलंस?” असं तिनं ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात मी वर्गात ‘गृहपाठ केलास?’ विचारायचे. मग तिनं सांगितलं: रिकाम्या सेलमध्ये आधी बरोबर चिन्ह, मग पहिल्या सेलचा पत्ता (म्हणजे रकान्याचं अक्षर आणि ओळीचा आकडा), मग & हे चिन्ह, मग दुसऱ्या सेलचा पत्ता. बस. असं:

=डी२&ई२&एफ२

(इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ए, बी, सी, डी ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. माझा कीबोर्ड मराठीवर होता, मी खरोखरच ‘डी२’ असं मराठीत टाइप केलं, आणि सेलमध्ये ‘हॅश नेम’ आलं. म्हणजे हे कुठलं नाव, मला माहीत नाही. कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणा. पत्ता टाइप करायचा कंटाळा असेल तर त्या त्या सेलवर नुसतं क्लिक केलं तरी चालतं.)

कीबोर्ड बदलला, पुन्हा लिहिलं, एंटर मारला. सेलमध्ये उत्तर नाहीच, मी लिहिलेलं सूत्रच जसंच्या तसं बसून राहिलं. पाऊण तास गेला. कारण शेवटी भाचीनं व्हिडिओ कॉलवर शोधलं. शेजारच्या फोन नंबरच्या रकान्याला कुणीतरी ‘टेक्स्ट’ असं स्वरूप देऊन ठेवलं होतं, मी त्याला लागून नवा रकाना घातला, तोही त्याच वळणावर गेला. टेक्स्ट म्हणून ठरलेल्या सेलमध्ये सूत्र लिहिलं तरी एक्सेल त्याला साधं वाक्य समजतं. स्वरूप ‘जनरल’ करायचं, एफ-टू दाबायचं, एंटर. झालं.

आणि आलं काय? ‘देशपांडेमाधवीरमेश’. एका दमात.

आयुष्यभर संधी शिकवली. विद्या अधिक आलय बरोबर विद्यालय. एक्सेलला सांगितलं तर ते ‘विद्याआलय’ करेल. त्याला संधी येत नाही, समासही येत नाही. ते फक्त शेजारी शेजारी ठेवतं, आणि मधली मोकळी जागासुद्धा तुम्ही सांगाल तरच ठेवतं. ती जागा दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत द्यायची:

=सी२&" "&ई२&" "&एफ२&" "&डी२

म्हणजे संबोधन, जागा, नाव, जागा, वडील किंवा पती, जागा, आडनाव. इथेही एक ठेच लागली. भाचीनं हे सूत्र मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, मी तिथून उचलून चिकटवलं, तर एक्सेल चिडलं. वाटेत अवतरणचिन्हं वळणदार झाली होती, छापील पुस्तकात असतात तशी. एक्सेलला सरळ, काडीसारखी हवीत. चिकटवलेलं सूत्र चाललं नाही तर बाकी काही बघू नका, अवतरणचिन्हं पुसून स्वतःच्या हातानं पुन्हा टाइप करा.

एक ओळ जमली की उरलेल्या १०८ फुकट. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारका चौकोन असतो, त्यावर दोनदा क्लिक केलं की सूत्र खाली उतरत जातं. माझं ४१ व्या ओळीपाशी थांबलं, कारण तिथे मध्येच एक रिकामी ओळ सोडलेली होती. तिथून पुढे हातानं ओढलं. त्या रात्री साडेअकराला १०९ पूर्ण नावं एका रकान्यात उभी होती. मी फ्रिजमधून साबुदाण्याची खिचडी काढून गारच खाल्ली.

७ तारखेला उजेडात बघितलं तेव्हा नावांमध्ये कुठे एक जागा, कुठे दोन, कुठे सुरुवातीलाच मोकळं. ज्यांच्या ओळीत वडिलांचं नाव नव्हतं तिथे मधल्या दोन्ही जागा चिकटून डबल झाल्या. नव्या एक्सेलमध्ये, म्हणजे २०१९ पासून पुढच्या, ‘टेक्स्टजॉइन’ नावाचं फंक्शन आहे. त्याला जोडणारं चिन्ह एकदाच सांगायचं आणि रिकामे सेल सोडून दे असंही सांगता येतं. गूगल शीट्समध्ये आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही ते आहे. माझ्या लॅपटॉपवर २०१० ची आवृत्ती, तिथे पुन्हा ‘हॅश नेम’. मग जुना उपाय: अख्ख्या सूत्राभोवती ‘ट्रिम’चा कंस. टी, आर, आय, एम. आजूबाजूच्या फालतू जागा काढतं आणि शब्दांमध्ये एकच ठेवतं. तरी सात नावं हट्टानं तशीच राहिली. ती कुणीतरी वेबपेजवरून उचलून चिकटवली असावीत. तिथली जागा दिसायला मोकळी असते पण जातीनं वेगळी, ट्रिमला ती जागा वाटतच नाही. सात ओळींसाठी नवं फंक्शन कुठे शिकू, मी त्या जागा हातानं खोडून स्पेसबार दाबला. जास्त असतील तर ती जागा एकदा कॉपी करून ‘शोधा आणि बदला’मध्ये टाकायची.

(भाची म्हणाली की २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये एक-दोन नावं नमुन्यादाखल लिहून कंट्रोल आणि ई दाबलं की बाकीची ते स्वतःच ओळखून भरतं. तिच्या ऑफिसात करून दाखवलं. छान आहे, पण नंतर मूळ आडनाव दुरुस्त केलं तर जोडलेलं नाव आपोआप बदलत नाही. सूत्रात बदलतं. माझ्या यादीत दुरुस्त्या इतक्या होत्या की सूत्रच बरं.)

मग सी विंगकडे वळले. वळायला नको होतं.

सी विंगची ३७ नावं कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. ज्यांनी शाळेत, पतपेढीत, ग्रामपंचायतीत काम केलंय त्यांना सांगायला नको. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठी अक्षराचा मुखवटा. कृतीदेव नावाच्या अशाच एका फॉन्टमध्ये जे, के, ई अशा तीन कळा दाबल्या की पडद्यावर ‘राम’ दिसतो. फॉन्ट काढला की पुन्हा जे, के, ई. आणि सूत्राच्या सेलला फॉन्ट एकच देता येतो. त्यामुळे युनिकोडमधलं, म्हणजे आतूनही खरी मराठी अक्षरं असलेलं, संबोधन आणि जुन्या फॉन्टमधलं आडनाव जोडलं की अर्धं नाव मराठी आणि अर्धं कचरा. फॉन्ट बदलून बघितला तर मुखवट्याखालचं नाव सरळ झालं, पण ‘श्री.’मधल्या टिंबासारख्या चिन्हांनी भलतंच रूप घेतलं.

याला जोडण्याचा उपाय नाही, आधी रूपांतर. इंटरनेटवर असं रूपांतर करून देणारी पानं आहेत, फुकट. एक काळजी घेतली: तिथे फक्त नावांचे रकाने चिकटवले, फोन नंबर, फ्लॅट नंबर काही नाही. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती अनोळखी पानावर टाकायला जीव होईना. रूपांतर नव्वद टक्के ठीक आलं आणि उरलेल्यात रफार घसरले. ‘कर्णिक’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, दोन-तीन पहिल्या वेलांट्या चुकीच्या बाजूला गेल्या. ते मात्र मी आनंदानं केलं. इतकी वर्षं लाल पेनानं हेच तर केलं होतं. दोन दिवस लागले, ९ आणि १० ऑक्टोबर.

दसऱ्याला काम बंद. १३ तारखेला पत्ता हातात घेतला. सोपा वाटत होता: विंग, आडवी रेघ, फ्लॅट नंबर, पुढे सोसायटीचं नाव आणि डोंबिवली (पूर्व) ४२१२०१. शेवटचा मजकूर सगळ्यांना सारखाच, म्हणून तो एका सेलमध्ये लिहून ठेवला आणि सूत्रात त्या सेलचा पत्ता दिला. पहिल्या ओळीत आला, पुढच्या सगळ्या ओळींत गायब. सूत्र खाली ओढलं की त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात, आणि माझा सेल एकच होता. अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह दिलं की तो पत्ता जागचा हलत नाही.

मग तळमजला बघितला. पडद्यावर ‘००३’ दिसत होतं, जोडल्यावर ‘ए-३’ झालं. एक्सेल सेलमध्ये जे दिसतं ते जोडत नाही, सेलमध्ये जे असतं ते जोडतं. शून्यं हा वरचा साज होता, आत नुसता तीन. त्यावर ‘टेक्स्ट’ नावाचं फंक्शन आहे. सेलच्या पत्त्याला त्याच्या कंसात घालून पुढे अवतरणात तीन शून्यं द्यायची, मग तो साजासकट जोडतो. तारखांनाही हेच लागतं; तिथे शून्यांऐवजी दिवस-महिना-वर्षाची अक्षरं द्यायची.

आणि बी विंगमध्ये एक पत्ता उभा राहिला: ‘बी-४०६३६’.

आमच्या सहा मजल्यांच्या इमारतीत चाळीस हजार सहाशे छत्तिसावा फ्लॅट. मूळ सेलमध्ये बघितलं तर तिथे ३ एप्रिल लिहिलेलं. बी विंगला तळमजल्यावर तीन आणि चार नंबर मिळून एक जोडफ्लॅट आहे. कुणीतरी तिथे ३/४ टाइप केलं आणि एक्सेलनं ती तारीख मानली. तारीख एक्सेलच्या पोटात दिवसांच्या आकड्यानं राहते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढे मोजत यायचं. भाचीनं तो आकडा उलटा फिरवला: ३ एप्रिल २०११. वर्ष दिलं नाही तर एक्सेल टाइप करतानाचं वर्ष धरतं. म्हणजे ही ओळ २०११ मध्ये भरली गेली, आणि तेव्हापासून तेरा वर्षं आमच्याकडचं एक कुटुंब एप्रिल महिन्यात राहत होतं. जुन्या इतिवृत्तात तेव्हाचे सचिव कोण ते सापडलं. ते पुढे येईल.

संबोधनाच्या रकान्याबद्दल सांगायला हवं. सूत्र बनवताना मी ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ डोळे मिटून जोडून टाकलं होतं. १७ ऑक्टोबरपासून कच्ची यादी छापून रोज संध्याकाळी घरोघर गेले, प्रत्येकाला स्वतःचं नाव वाचायला लावलं आणि शेजारी सही घेतली. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या. यजमान जाऊन चार वर्षं झाली. माझ्या यादीत त्या ‘सौ.’ होत्या. त्यांनी कागद बघितला, काही बोलल्या नाहीत, पेन घेऊन ‘सौ.’वर काट मारली. मग जरा थांबून म्हणाल्या, “श्रीमती पण नको लिहूस. नुसतं नाव लिही ना.” मी घरी येऊन सूत्रातून संबोधनाचा तुकडाच काढून टाकला, सगळ्या १०९ जणांचा. नमुन्यात पूर्ण नाव मागितलंय, संबोधन नाही.

या फेरीत सूत्राला कधीच न सापडणाऱ्या नऊ चुका निघाल्या. भागदाखल्यावरचं (म्हणजे शेअर सर्टिफिकेटवरचं) आणि आधारवरचं नाव वेगळं असलेले तीन (मी भागदाखल्याप्रमाणे ठेवलं), वडील आणि आजोबा यांची गल्लत, एक फ्लॅट २०१९ मध्येच विकलेला. फेरीला चार संध्याकाळी लागल्या आणि अकरा घरी चहा. डी विंग नाही याचे आभार मानले. वरच्या मजल्यावरच्या एका तरुण आईनं विचारलं की बाळाचं नाव लिहिताना आईचं कुठे येणार. १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरलाय. बाळ सभासद व्हायला अवकाश आहे. पण तेव्हाच्या सचिवाला एक रकाना जास्त घालावा लागणार.

२२ तारखेला शेवटचा घोटाळा. यादी देखणी दिसावी म्हणून मी आता नको असलेले सुटे रकाने, आडनाव, नाव वगैरे, उडवले. सगळ्या १०९ नावांच्या जागी एकच मजकूर आला: हॅश, आर, ई, एफ, उद्गारचिन्ह. रेफ! सी विंगचे घसरलेले रफार आठवून मला एकटीला हसू फुटलं. सूत्र ज्या सेलकडे बोट दाखवतं तेच काढून टाकले तर ते दाखवणार काय? कंट्रोल-झेड केलं, सगळं परत आलं. बरोबर पद्धत अशी: जोडलेला रकाना कॉपी करायचा, ‘पेस्ट स्पेशल’मध्ये जाऊन ‘व्हॅल्यूज’ निवडायचं, वेगळ्या शीटवर चिकटवायचं. तिथे सूत्र राहत नाही, नुसतं नाव राहतं, ते छापायचं. सुटे रकाने पहिल्या शीटवर राहू द्यायचे. ते का, ते मला तीन दिवसांनी कळलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. ‘ओ’ नमुना, सोबत ‘जे’ यादीची सहा पानं, चेअरमनसाहेबांची सही, शिक्का, असं सगळं घेऊन उपनिबंधक कार्यालयात गेले. दीड तास बाकावर. टेबलावरच्या बाईंनी यादी शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, “मॅडम, आडनाव आधी आणि अकारविल्हे असती तर शोधायला बरं पडतं. सक्ती नाही, पण बघा.” सक्ती नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण ज्या बाईनं इतकी वर्षं हजेरीपट आडनावानं लिहिले तिला हे ऐकून परत न जाणं शक्य नव्हतं.

घरी आले. नुसती जोडलेली नावं उरली असती तर १०९ नावांतून आडनावं पुन्हा सुटी करत बसले असते, आणि ते जोडण्यापेक्षा फार अवघड. कुणाच्या नावात दोन शब्द, कुणाच्या तीन. रकाने सुटे होते म्हणून आडनावाच्या रकान्यावर क्रम लावला, सूत्रात ‘डी’चा तुकडा उचलून पुढे ठेवला, खाली ओढलं. वेळ बघितली, चार मिनिटं. त्यातलं एक चष्मा शोधण्यात गेलं.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, आवक शिक्का मिळाला. एकूण खर्च २४० रुपये: तीन वेळच्या प्रिंट ९०, फाइल ३०, रिक्षा १२०. व्हाउचर लावलंय. लेखापरीक्षकांना प्रत दुसऱ्या दिवशी पोचवली.

रात्री २०११ च्या सचिवांना फोन लावला. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, मुलीकडे नाशिकला असतात. मी नाव सांगितल्यावर ओळखलं. बी विंगच्या जोडफ्लॅटची तारीख सांगितली तसे खो खो हसायला लागले. “अहो बाई, मी तीन-चार लिहायचो, ते एप्रिल करायचं. पुन्हा लिहिलं, पुन्हा एप्रिल. चार-पाचदा भांडलो आणि म्हटलं राहू दे, पोस्टमन ओळखतो त्यांना. तुम्ही काय केलंत?”

मी म्हटलं, आकड्याच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह दिलं. ते दिसत नाही, पण दिलं की एक्सेल जे लिहू ते तसंच ठेवतं.

पलीकडे जरा शांतता. “एवढंच होतं होय,” ते म्हणाले.